चौबळभावजींचा आयपीस

आमच्या शेजारचे चौबळभावजी रोज सकाळी वर्तमानपत्र उलटं धरून वाचायचे. गॅलरीत खुर्ची टाकून, पाय कठड्याला लावून, अगदी चवीने. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकायची. एकदा नव्या पोस्टमनने मला हळूच विचारलं, "बाई, त्या साहेबांना वाचून दाखवायला घरात कुणी नाही का?"

म्हणजे त्यांना सरळ वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. कचेरीत नकाशे काढणारा माणूस तो, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. पण त्यांच्याकडे एक दुर्बीण होती आणि तिच्यातून सगळं जग खाली डोकं वर पाय दिसायचं. चंद्राला आणि ग्रहांना त्याने काही फरक पडत नाही म्हणे. चंद्राला डोकं कुठलं आणि पाय कुठले! पण दिवसाउजेडी दुर्बिणीची परीक्षा घ्यायची तर गच्चीवरून स्टेशनापलीकडच्या लाकडाच्या वखारीची पाटी वाचायची, आणि ती दिसायची उलटी. तेव्हा सवय असावी म्हणून हा रोजचा रियाज. "तुम्हीही शिका, वहिनी," ते मला सांगायचे, "समोर बसलेल्या माणसाच्या हातातला पेपर फुकटात वाचता येतो."

मी म्हटलं, "भावजी, मला सरळ वाचायलाच वेळ मिळेना झालाय, उलटं कधी वाचू?"

नौपाड्यात आमची दोघांची बिऱ्हाडं एका भिंतीच्या दोन बाजूंना. त्यांच्याकडे फोडणी पडली की आम्ही खोकायचं, आणि आमच्याकडे भांडण झालं की त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारायचं, "मग काय ठरलं?" अशा घरोब्यात माणसाचं काही लपत नाही. चौबळभावजींचं तर लपवण्यासारखं काही नव्हतंच. जे होतं ते सगळं गच्चीवर मांडलेलं असायचं, आणि नेमकं माझ्या पापडांच्या मधोमध.

दुर्बीण आली ती कल्याणहून. लढाई संपली, कल्याणचा लष्करी कॅम्प उठला, आणि मागे राहिलेल्या सामानाचे ढीग भंगारात आले. पुढे फाळणी झाली, तिकडे सिंधी मंडळी येऊन वसली, त्यांनी त्या ढिगांची दुकानं केली. भावजी तिथे लष्करी बूट घ्यायला गेले आणि बशीएवढं एक भिंग घेऊन आले. इंदूताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने विचारलं, "बूट कुठायत?" तर म्हणाले, "बूट काय गं, कुठेही मिळतात."

भिंगाला नळी हवी. ती त्यांनी गच्चीवरच्या पन्हळीच्या पाइपातून काढली. त्या पावसाळ्यात घरमालकांच्या न्हाणीघरात पाणी का शिरलं, ते मालकांना शेवटपर्यंत कळलं नाही. नळीला उभं करायला रंगाऱ्याची जुनी घोडी पैदा केली. असा तो सगळा थाट. पहिल्या दिवशी आम्ही सगळे रांगेने चंद्र पाहून आलो. आमच्या ह्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "खड्डे आहेत खरे, पण आपल्या गल्लीपेक्षा बरा आहे."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, इंदूताईंनी शनी पाहीपर्यंत.

आता हे नीट सांगायला हवं. चौबळांना एक मुलगा होता, विजू. गोड पोर. आमच्या स्वयंपाकघरात येऊन "काकू, गूळ" म्हणायचा आणि गूळ मिळाला की "अजून" म्हणायचा. चौथं वर्ष लागलं होतं. तापाने गेला. दोन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. इंदूताईंची रास तूळ, आणि त्यांची साडेसाती नुकती सुरू झालेली. कुणी बाईने भेटायला येऊन ते बोलून दाखवलं. मेल्या अशा बायकांच्या जिभेला हाड नसतं! झालं. इंदूताईंनी ते मनाशी धरलं ते धरलंच. दर शनिवारी मारुतीला तेल, उडदाचं दान, आणि शनीच्या मूर्तीपुढून जाताना नजर खाली. त्याची दृष्टी आपल्यावर पडू नये म्हणून सगळ्याच बायका तसं करतात, मीही करते. पण इंदूताई घरातसुद्धा नजर खाली घालून वावरू लागल्या.

भावजींना वाटलं, हिला एकदा शनी दाखवावा. कडं घातलेला असा दुसरा देखणा ग्रह नाही. पाहिला की भीती पळेल. कशाबशा समजावून त्यांना वर घेऊन गेले. पण तेव्हा त्यांच्याकडे एकच आयपीस होता. आयपीस म्हणजे आपण डोळा लावतो तिथलं छोटं भिंग, कुंकवाच्या करंड्याएवढ्या पितळी डबीत बसवलेलं. पुढचं मोठं भिंग उजेड गोळा करतं आणि हे छोटं चित्र मोठं करून दाखवतं. हा पहिला आयपीस अगदीच मवाळ होता. इंदूताईंनी डोळा लावला आणि किंचाळल्या, "अगं बाई! डोळा! बघतोय माझ्याकडे!"

खाली धावल्या त्या, अंथरूणच धरलं. मी मागाहून पाहिलं. खोटं कशाला बोलू, डोळाच होता. दोन्ही बाजूंना निमुळता, मध्ये गोल बुबुळ, आणि रोखून बघणारा. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला.

"अहो, कडं आहे ते, कडं!" भावजी काकुळतीने सांगत होते. "चित्र बारीक आहे म्हणून कडं आणि गोळा एकात एक दिसतायत. मोठं करायला हवं."

तिथून त्या माणसाला आयपीसचं वेड लागलं. वेड म्हणजे वेडच. दर रविवारी कल्याण. जेवायला बसले की ताटातली चटणी बाजूला सारून बोटाने वर्तुळं काढणार. मला त्यांनी समजावून सांगितलं की आयपीस एक इंची असतो, अर्धा इंची असतो, पाव इंची असतो, आणि जितका लहान तितका चंद्र मोठा. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या नणंदेसारखं. उंची एवढीशी, आवाज केवढा!" त्यावर ते खूश झाले. "वहिनी, तुम्हाला ऑप्टिक्स कळतं."

कॅम्पातला तो सिंधी सेठ त्यांना चांगलाच ओळखून चुकला होता. त्याला भिंगातलं ओ की ठो कळत नसे, पण गिऱ्हाईक बरोबर कळे. "साब, ये लो, सबसे ज्यादा पावर! चांद में चींटी चलेगी तो भी दिखेगी!" भावजींनी पाव इंची घेतला. येताना बसमध्ये मुठीत धरून आले. मूठ उघडेनात. शेवटी कंडक्टरने खिशातून पैसे काढून घेतले आणि तिकीट त्यांच्या दातांत दिलं.

त्या संध्याकाळी गच्चीवर सगळी गल्ली जमली. घरमालक स्वतः खुर्ची घेऊन आले. माझ्या कुरडया एका कोपऱ्यात ढकलल्या गेल्या. भावजींनी चंद्रावर नळी लावली, आयपीस बसवला आणि मालकांना मान दिला. मालक बराच वेळ बघत राहिले.

"कसं वाटतं?" भावजींनी विचारलं.

"दही," मालक म्हणाले.

मग मी पाहिलं. मालक काही चुकीचं बोलले नव्हते. नुसतं पांढुरकं, थरथरणारं, कशाला कड नाही की कोपरा नाही. भोक इतकं बारीक की पापणी काचेला घासायची, श्वास लागला की काच धुरकट व्हायची. बघता बघता चंद्र एका बाजूने निघूनही जायचा. नळी जरा सरकवली की भलतीकडेच. कुणी गच्चीवर चाललं की चंद्र हलायचा आणि स्टेशनातून गाडी सुटली की नाचायचा. मंडळी हसत हसत खाली गेली. भावजी मात्र घोडीशी टेकून उभे राहिले. मला वाईट वाटलं, म्हणून विचारलं, "असं का हो झालं?"

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "पुढचं भिंग उजेड आणणार तेवढाच. मी तो एवढ्या मोठ्या चंद्रावर पसरायला निघालो."

"म्हणजे चार माणसांच्या आमटीत पाणी घालून चौदा जणांना वाढली," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून आमटीचं उदाहरण स्वतःचं म्हणून सगळ्यांना सांगू लागले.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एक पालुपद बसलं, "मोठं नको, नीट पाहिजे." प्रत्येक गोष्टीला तेच. बाजारात कोळीण म्हणाली, "दादा, हा सरंगा बघा केवढा हाय!" तर हे, "मोठा नको, नीट पाहिजे." ती भडकली. "मंग माजा सरंगा काय वाकडा हाय का?" माझ्या नणंदेला एक स्थळ आलं, मुलगा म्हणे मोठ्या हुद्द्यावर. भावजी भिंतीपलीकडून ओरडले, "मोठा आहे ते कळलं. नीट आहे का ते विचारा!" आमच्या सासूबाईंनी त्या दिवसापासून भिंतीजवळ बोलणंच सोडलं.

मग एका रविवारी भावजी कल्याणहून अनवाणी परत आले. वैशाखाचं ऊन, डांबर पातळ झालेलं, आणि हा माणूस टाचा उचलत, उड्या मारत गल्लीत शिरतोय. मला वाटलं बूट चोरीला गेले. तर नाही. सेठकडे दोन आयपीस होते, एक जरा जास्त मोठं दाखवणारा आणि एक जरा कमी. यांना दोन्ही घरी आणून पारखायचे होते. सेठ म्हणाला, "कुछ रखके जाओ." यांनी पायातले बूट काढून ठेवले.

इंदूताईंनी कपाळाला हात लावला. "आता सोमवारी कचेरीत काय घालून जाणार?"

"वहाणा आहेत की. आणि नकाशे काही पायांनी काढत नाहीत."

त्यानंतर ते रोज कचेरीतून आले की सरळ गच्चीवर. उजेड असेपर्यंत वखारीची पाटी, तिन्हीसांजेला पारसिकच्या डोंगरावर वर येणारा शनी. एकदा हा आयपीस, एकदा तो. चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकासारखं "हा बरा की तो बरा" चाललेलं. मी पापड काढायला गेले की मलाही बघायला लावायचे. मला मोठं दाखवणारा आवडला. मी तसं म्हटलंही.

"मलाही तोच आवडतो," ते म्हणाले. "पण त्यात कडेला पाणी सुटतं. आणि मला हवी ती फट त्यात पुसट होते."

"कसली फट?"

"शनीचा गोळा आणि कडं यांच्यामधली. ते एकमेकांना चिकटलेले नाहीत, वहिनी. मध्ये मोकळं आकाश आहे. ती काळी फट दिसली की डोळा मोडला. मग तो डोळा राहत नाही."

मी पापडाची टोपली खाली ठेवली. "भावजी, एक विचारू? त्यांची श्रद्धा आहे, तर राहू द्या की. तेल घालतात, कुणाचं काय बिघडतं? शनिवारी आम्हीही घालतो."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. आयपीस रुमालाने पुसत म्हणाले, "तेलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिने शनीला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो खमका आहे, सोसेल. पण ती म्हणते, शनी माझ्या राशीला आला म्हणून विजू गेला. म्हणजे दोष कुणाला दिला, सांगा."

त्यांचं सगळं गच्चीवर मांडलेलं असतं म्हणणारी मी, आणि इतकी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. म्हटलं, या कामात आता आपण पडायचं.

पहिली युक्ती मीच काढली. "त्यांना सांगायचं, हा शुक्र आहे. बघितल्यावर आवडला की मग खरं सांगायचं." माझ्या दृष्टीने ही फार हुशारीची गोष्ट होती.

"छे," भावजी म्हणाले. "फसवून दाखवला तर तिने शनी पाहिला असं होतच नाही. तिला ठाऊक असायला हवं."

तेव्हा शनिवार तेवढा वगळून बुधवार धरला. जेवणं लवकर उरकली. मी इंदूताईंकडे गेले आणि सरळ सांगितलं, "चला, शनी बघायचाय. मी तुमचा हात धरून उभी राहते." त्या नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनी बूट गहाण टाकले हो माझ्यासाठी, नाही?" त्यांना ठाऊक होतं तर! मी त्यांचं मनगट धरलं आणि जिना चढले.

गच्चीवर भावजींनी कडेकोट बंदोबस्त ठेवला होता. आमच्या ह्यांना जिन्याच्या तोंडाशी बसवलं होतं, कुणी वर येऊन गच्ची हलवू नये म्हणून. स्वतः अनवाणी, मांजराच्या पावलांनी वावरत होते. आयपीस बसवला होता तो कमी मोठं दाखवणारा, नीट दाखवणारा.

इंदूताई पूर्वेकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"माझ्याकडे बघेल का हो तो?"

"त्याला आपण दिसतसुद्धा नाही गं. बघायचं ते तूच."

"कल्याणची गाडी येतेय," जिन्यातून हे म्हणाले. आम्ही सगळे पुतळ्यासारखे थांबलो. गाडी गेली. गच्ची स्थिर झाली. इंदूताईंनी माझा हात इतका आवळला की माझ्या बांगडीचा वळ उठला. मग त्या वाकल्या आणि त्यांनी डोळा लावला.

किती वेळ गेला कोण जाणे. मी मारुतीचं नाव घेत होते आणि भावजी माझ्याकडे बघून खूण करत होते, गप्प, गप्प. मी तोंडातल्या तोंडात घेत होते तरी त्यांना ते हलणं वाटत असावं.

"निसटला," इंदूताई म्हणाल्या.

"थांब, आणून देतो." त्यांनी नळी केसभर सरकवली. "आला?"

"आला." त्यांनी डोळा आणखी जवळ नेला. मग त्या म्हणाल्या, "मध्ये फट आहे."

भावजींनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "आहे ना? दोन्ही बाजूंना आहे बघ."

"कडं त्याला टेकत नाही कुठेच."

"नाही टेकत."

"एवढासा आहे हो. आणि कुणाकडेच बघत नाहीये." त्यांचा आवाज बदलला. डोळा अजून तिथेच होता, पण गालावरून पाणी ओघळत होतं. "मग विजूला कुणी नेलं?"

मला वाटलं, झालं, सगळं उलटलं. त्या शनीवर बिचाऱ्या बाईने निदान भार तरी टाकला होता. भावजी पुढे झाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना बायकोच्या खांद्यावर हात ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्या वेळी कुणी ठेवतही नसे चारचौघांत.

"कुणी नेलं नाही गं," ते म्हणाले. "ताप होता. डॉक्टर म्हणाला ना, असा ताप आला की मोठी माणसंही टिकत नाहीत. तू रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसली होतीस. तुझ्याकडून काही चुकलं नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही."

इंदूताईंनी डोळा काढला आणि त्यांच्याकडे पाहिलं. खाली नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडे.

"हे तुम्ही कधी म्हणालाच नाहीत."

भावजी गोंधळले. "मला वाटलं, तू मानणार नाहीस. आधी तो तुला नीट दिसायला हवा, मग म्हणावं."

"इतकी वर्षं मी वाट बघत होते, तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. तुम्ही गच्चीवर. मला वाटायचं, तुम्हालाही तेच वाटतं, माझ्यामुळेच गेला, म्हणून घरात थांबवत नाही तुमच्याने."

"नाही गं," ते म्हणाले. "नाही, नाही." नकाशातल्या रेषेइतकी सरळ मान असलेला माणूस, तो हुंदके देत घोडीचा पाय धरून खालीच बसला. आणि इंदूताई, ज्यांना आम्ही धरून वर आणलं होतं, त्या त्याच्याशेजारी बसल्या आणि पदराने त्याचं तोंड पुसू लागल्या.

"एवढं एक वाक्य सांगायला दुर्बीण लागली तुम्हाला," त्या म्हणाल्या. रडता रडता हसत होत्या.

"लागली," भावजी म्हणाले.

मी जिन्याशी गेले. आमचे हे तिथे बसून डोळे पुसत होते आणि मला म्हणाले, "डोळ्यात कचरा गेला." मी त्यांना उठवलं आणि आम्ही दोघं पाय न वाजवता खाली आलो.